जेट्टी
जेट्टी : किनाऱ्यापासून पाण्यात पुढे काढलेले, बोट लावून माणसे व माल चढवण्या-उतरवण्याचे बांधकाम. हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो बहुधा पंधराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून रुळला असावा. मुळाशी ‘फेकणे’ या अर्थाचे फ्रेंच क्रियापद आहे. ‘फेकलेले’ म्हणजे नेमके काय, याविषयी दोन स्पष्टीकरणे दिली जातात : पाण्यात दगड टाकून केलेला भराव, किंवा मूळ रेषेबाहेर काढलेला भाग. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये रस्त्यावर पुढे आलेल्या वरच्या मजल्यालाही हाच शब्द होता. त्यामुळे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा रोख मुख्यतः लाटा अडवणाऱ्या बांधाकडे असतो, अमेरिकेत नदीमुखाचा प्रवाह आवरणाऱ्या भिंतींकडे. कोकणात आला तो ब्रिटिश अर्थ, म्हणजे बोट लागण्याची जागा.

धक्का, बंदर (फारसी) व फुरजा (अरबी) हे शब्द येथे आधीपासून होते. किनाऱ्यालगतचा तो धक्का, पाण्यात शिरलेली ती जेट्टी, हा भेद बोलण्यात पाळला जात नाही. मुंबईत भाऊचा धक्का, पलीकडे मांडव्याला जेट्टी.

भरावाची जेट्टी टिकाऊ, पण खाडीत ती ओहोटीचा ओघ अडवते. आडोशाला गाळ साचतो आणि काही वर्षांत ओहोटीला बोट लागेनाशी होते. खांबांवरच्या जेट्टीखालून पाणी वाहते. तिचे दुखणे वेगळे : भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट आलटून पालटून भिजते व सुकते, क्षार आत शिरून सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट सुटते. म्हणून या पट्ट्यासाठी भारतीय मानक ४५६ (काँक्रीट बांधकामाची संहिता) नुसार किमान एम ४० प्रतीचे (दर चौरस मिमीला ४० न्यूटन दाब सोसणारे) काँक्रीट व सळईवर ७५ मिमी आच्छादन लागते.

मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. दक्षिणेकडे तो कमी होतो. त्यामुळे उत्तर कोकणात पायऱ्या किंवा तरंगता तराफा लागतोच. भरतीला आखूड बांधलेली होडी ओहोटीला दोरावर लटकते. दोराला ढील ठेवावी लागते. खालच्या पायऱ्यांवरचे शेवाळ वरचेवर खरवडले नाही, तर उतारू घसरतात.