सिंगापूर : वनस्पती उद्यान आणि राखीव जंगलांतील पायवाटा

सिंगापूरचे वनस्पती उद्यान, त्याच्या वायव्येची बुकित तिमाह टेकडी आणि टेकडीपलीकडे जलाशयांभोवती पसरलेले जंगल यांतून जाणाऱ्या चालण्याच्या वाटा. नकाशावर या तीन जागा सुट्या दिसतात, कारण मध्ये घरे, रस्ते आणि द्रुतगती मार्ग आले आहेत. मुळात हे एकाच अरण्याचे उरलेले तुकडे आहेत.

टँगलिन भागातील हे उद्यान १८५९ पासूनचे, सुमारे ८२ हेक्टरांचे. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. प्रवेश मोफत असून फक्त ऑर्किड बागेला तिकीट आहे. गर्दी तिथेच असते, आणि ती बाग देखणी आहेच. पण आधी जावे ते सुमारे सहा हेक्टरांच्या वर्षावनात. ते कोणी लावलेले नाही, उद्यानाच्याही आधीपासून तिथे आहे. आतली वाट लाकडी फळ्यांची आहे, त्यामुळे मुळे पायांखाली तुडवली जात नाहीत.

१८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची २२ रोपे इथे आली. १८८८ मध्ये उद्यानाची सूत्रे हाती घेतलेल्या हेन्री रिडली यांनी झाड न मारता चीक काढण्याची रीत बसवली. सालीवर तिरके, उथळ काप घ्यायचे. चीक उभ्या खाचेतून ओघळत खालच्या वाटीत उतरतो. पुढच्या खेपेला त्याच कापाची कड पातळशी सोलली की तो पुन्हा वाहू लागतो. मलायातले रबराचे मळे याच रीतीवर उभे राहिले.

रबराच्या आधी मिरी आणि गँबियर (कातासारखा अर्क देणारी वेल) यांच्या लागवडीने सिंगापूर बेटावरचे बहुतेक जंगल संपवले होते. रिडलींच्या आधीचे उद्यानप्रमुख नॅथॅनिएल कँटली यांनी १८८३ मध्ये वनांचा अहवाल दिला, त्यानंतर राखीव वने ठरली आणि बुकित तिमाह वाचली. म्हणजे टेकडीवरचे जंगल टिकले त्यात उद्यानाचा मोठा वाटा आहे, आणि दोन्ही ठिकाणे एकत्र पाहावीत ती यासाठीच.

बुकित तिमाहची उंची जेमतेम १६३ मीटर, तरी सिंगापुरातली ती सर्वांत उंच नैसर्गिक जागा. माथ्यापर्यंत चढाचा डांबरी रस्ता जातो, पण जंगल कळते ते बाजूच्या वाटांवर. इथले उंच वृक्ष मुख्यतः साल वृक्षाच्या कुळातले. त्यांच्यातल्या अनेकांच्या फळांना पंख असतात. फळ सुटले की भिंगरीसारखे गरगरत खाली येते. हे वृक्ष दरवर्षी फळत नाहीत. कित्येक वर्षांनी एकदा सगळे मिळून बहरतात, मग जमीन पंखांनी झाकली जाते. १८५४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी इथे सुमारे दोन महिन्यांत ७०० जातींचे भुंगेरे गोळा केले. माणसांच्या वर्दळीने मात्र उतार झिजले, मुळे उघडी पडली. म्हणून २०१४ ते २०१६ अशी सुमारे दोन वर्षे टेकडीवरच्या वाटा दुरुस्तीसाठी बंद ठेवाव्या लागल्या.

१९८६ मध्ये झालेल्या द्रुतगती मार्गाने टेकडी जलाशयांच्या जंगलापासून तोडली. २०१३ मध्ये त्यावर ६२ मीटर लांबीचा, झाडे लावलेला पूल बांधला गेला. तो प्राण्यांसाठी आहे, माणसांसाठी एरवी बंद. खवल्या मांजर तिथून जाताना कॅमेऱ्यात दिसले आहे. चालणाऱ्याला पलीकडे वळसा घालूनच जावे लागते, आणि तेच योग्य आहे.

टेकडीच्या पायथ्याशी मलाया रेल्वेचा जुना मार्ग आहे. २०११ मध्ये गाड्या थांबल्या, रूळ निघाले आणि २४ किलोमीटरची हिरवी पट्टी चालणाऱ्यांना मिळाली. जुने लोखंडी पूल जागच्या जागी ठेवले आहेत.

मॅकरिची जलाशयाजवळच्या जंगलात २००४ पासून २५० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. सर्वांत उंच जागी तो जमिनीपासून २५ मीटर वर आहे. तो एकदिशा आहे, मागे फिरता येत नाही. पूल अरुंद, दोघे जेमतेम मावतात. इथे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात, आणि खालून नुसता आवाज ऐकू येणारा पक्षी समोर बसलेला दिसतो.

वाटांवर लांब शेपटीची माकडे सर्रास भेटतात. पिशवीचा खसखस आवाज झाला की ती जवळ येतात. त्यांना खाऊ घातल्यास पहिल्या गुन्ह्याला ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.