एस्टोनियाची राज्ययंत्रणा : सातत्याच्या आग्रहातून घडलेली

२० ऑगस्ट १९९१ रोजी टालिनमध्ये मंजूर झालेल्या ठरावात एस्टोनियाने नवे राष्ट्र स्थापन केले नाही, तर १९१८ मध्ये जन्मलेले आणि १९४० मध्ये सोव्हिएत संघाने बळकावलेले प्रजासत्ताक कायद्याने अखंड अस्तित्वात होते, अशी भूमिका घेतली. त्या देशाचा पुढचा कारभार समजून घ्यायचा, तर या भूमिकेपासूनच सुरुवात करावी लागते.

राज्यघटना लिहिणाऱ्या ६० जणांच्या सभेतही या भूमिकेचे प्रतिबिंब पडले. निम्मे सदस्य सर्वोच्च परिषदेचे, म्हणजे सोव्हिएत काळातील विधिमंडळाचे होते, तर निम्मे १९४० पूर्वीच्या नागरिकांनी व त्यांच्या वंशजांनी निवडलेल्या एस्टोनियन काँग्रेसचे. १९२० च्या घटनेखाली सरकारे वारंवार कोसळली होती आणि १९३४ मध्ये तत्कालीन सरकारप्रमुख कॉन्स्टांटिन पॅट्स यांनी आणीबाणी पुकारून संसदीय राजवट मोडीत काढली होती. हे दोन्ही अनुभव गाठीशी असल्यामुळे २८ जून १९९२ च्या सार्वमतात मंजूर झालेल्या घटनेने सत्ता १०१ सदस्यांच्या संसदेकडे व तिला जबाबदार असलेल्या सरकारकडे सोपवली, राष्ट्राध्यक्षांचे अधिकार मर्यादित ठेवले आणि कायदे घटनेच्या कसोटीवर तपासण्याचे काम तार्तू शहरातील सर्वोच्च न्यायालयाकडे दिले.

सार्वमताच्या आठच दिवस आधी रूबल चलनातून बाद झाला होता. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रूबलच्या बदल्यात क्रून या नव्या चलनाचे १५० एकक मिळाले आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा दर बांधला गेला. सोव्हिएत काळात परराष्ट्र, संरक्षण, चलन ही खाती मॉस्कोच्या हाती असल्यामुळे त्यांची घडी जवळजवळ शून्यातून बसवावी लागली. ते काम पुढे नेणारे पंतप्रधान मार्ट लार तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेसाठी काम केले नसल्याची लेखी शपथ उच्चपदस्थांकडून घेतली जाई. नागरी सेवेचा स्वतंत्र कायदा मात्र १९९६ मध्ये अमलात आला.

या सातत्याची सर्वांत जड किंमत नागरिकत्वाच्या प्रश्नात मोजावी लागली. १९३८ चा कायदा पुन्हा लागू झाल्यामुळे सोव्हिएत काळात आलेली कुटुंबे आपोआप नागरिक ठरली नाहीत, आणि सुमारे एक तृतीयांश रहिवासी घटनेच्या सार्वमताबाहेर राहिले. कायद्याच्या तर्काला हा निर्णय धरून होता. पण तिथेच जन्मलेल्या मुलांवरही त्याचा भार पडला, हे नाकारता येत नाही. जुलै १९९३ मध्ये रशियनभाषक नार्वा व सिल्लामे शहरांनी स्वायत्ततेसाठी मतदान घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी कायमस्वरूपी रहिवाशांना, ते नागरिक नसले तरी, स्थानिक निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला.