पाढे : पावकी ते औटकी

पाढे : प्राथमिक शाळेत गुणाकार मुखोद्गत करण्यासाठी ठरलेल्या चालीवर म्हटली जाणारी गुणनसारणी. पाढा हा शब्द संस्कृत ‘पाठ’पासून प्राकृतातून आला, याबद्दल मतभेद नाही. मराठी शाळांत पाढ्यांचे दोन वर्ग होते. पहिला पूर्णांकांचा, बे ते तीस; हा आजही चालू आहे. दुसरा अपूर्णांकांचा : पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन). हा दुसरा वर्ग आता शाळेतून जवळपास गेला आहे. मराठी मुलांच्या गणितशिक्षणाचा विचार करताना खरा कस त्याच्याच अभ्यासात लागतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत भर त्याच्यावर आहे.

शब्दांची घडण : पूर्णांकी पाढ्यातील गुणकवाचक शब्द साध्या संख्यानामांपेक्षा वेगळे आहेत. चोक, सक, अठ्ठे ही रूपे चार, सहा, आठ यांची नसून चतुष्क, षट्क, अष्टक या समूहवाचक नामांची आहेत. चतुष्क–चउक्क–चोक असा क्रम मांडता येतो. म्हणजे ‘बे चोक आठ’ या तीन शब्दांत चारांचा एक समूह धरून केलेली मोजणी आहे. ‘त्रिक’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. ‘दुणे’ची वाट आणखी निराळी, ती द्विगुणापासून. एकाच पाढ्यात तद्भव आणि तत्सम शब्द असे शेजारी बसलेले दिसतात, ते तो बाजारात आणि विद्वानांच्या पाठशाळेत दोन्हीकडे घासला गेल्याचे चिन्ह असावे.

‘बे’बद्दल दोन मते आहेत. मराठीत दोनसाठी ‘दोन’ असताना पाढा मात्र ‘बे’ने सुरू होतो, म्हणून तो गुजराती व्यापाऱ्यांकडून आला असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे तो मराठीचाच जुना प्राकृत वारसा आहे. बेचाळीससारख्या संख्यानामांत ‘बे’ मराठीच्या अंगात मुरलेला दिसतो आणि त्यासाठी कोणी गुजरातीकडे बोट दाखवत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

अपूर्णांकवाचक शब्दांची व्युत्पत्ती त्याहून उद्बोधक आहे. पाव हा पाद, म्हणजे चौथा हिस्सा. पाऊण हा पादोन, पावाने उणा. सव्वा हा सपाद, पावासह. पुढे गंमत वाढते. अडीच हा अर्धतृतीय, म्हणजे ‘तिसरा अर्धा’ : दोन पुरे झाले, तिसऱ्याचे अर्धे झाले. त्याच रीतीने औट हा अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, म्हणजे ‘चौथा अर्धा’. संतवाङ्मयात साडेतीन हातांच्या देहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते. हिंदी पट्ट्यातील पाठशाळांतही अद्धा, पौना, सवैया, डेढ़ा, ढैया आणि हूँठा अशी हीच माळ होती. हूँठा आणि औट हे एकाच शब्दाचे दोन वंशज होत. बंगालमधील शुभंकरी (तोंडी हिशोबाची पद्यसूत्रे) आणि तमिळ प्रदेशातील एण्चुवडी (गुणनसारण्यांची पोथी) या परंपरा या मालिकेच्या शेजारी ठेवून अभ्यासण्याजोग्या आहेत.

‘निमकी’ने कालनिर्णयाचा प्रश्न उभा केला आहे. निम हा संस्कृत ‘नेम’ (अर्धा) या शब्दापासून आला असे काही जण मानतात. परंतु नेम ते निम या वाटेवरचा प्राकृत दुवा दाखवता येत नाही. उलट फारसीत ‘नीम’ म्हणजे अर्धा हा शब्द सरळ उपलब्ध आहे. शिवाय हिशोबाची मराठी परिभाषा दोन घरांची आहे : बेरीज आणि वजाबाकी हे शब्द फारसी–अरबी दफ्तरातून आले, तर गुणाकार आणि भागाकार संस्कृत शास्त्रातून. निमकीही दफ्तराच्याच दाराने आली असावी. हे मान्य केले, तर ही माळ आजच्या नावांनिशी यादवकाळाइतकी मागे नेणे धाडसाचे ठरेल. बहामनी आणि त्यानंतरच्या राजवटींत ती स्थिरावली असावी. औट, अडीच हे शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुने आहेत. शब्द जुना म्हणून त्याचा पाढाही तितकाच जुना, असे म्हणता येत नाही.

शास्त्र की बाजार : भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ शके १०७२ (इ. स. ११५०) चा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे कळते. अंकगणिताला संस्कृतात पाटीगणित आणि धूलिकर्म अशी नावे होती आणि गावच्या शाळेतही मुले धूळपाटीवरच गिरवत. या साम्यामुळे गावशाळेतील हिशोब हा शास्त्रीय गणिताचाच उतारा होय, असे मानण्याकडे कल असतो. पण पाटी-धुळीचे साम्य हे साधनांचे आहे. दीड, अडीच, औट ही रूपे शतकानुशतके बोलण्यात झिजून झाली आहेत, ग्रंथातून उचललेली नाहीत. पाढ्यांचा पाया कारकून, वाणी आणि सावकार यांच्या व्यवहारात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

हिशोबातील उपयोग : रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, शेराचे १६ छटाक. सगळी मोजमापे चार-चारांनी फुटणारी होती. लेखनही त्याला साजेसे होते. अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण : १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. त्यापुढच्या आडव्या किंवा तिरप्या रेघा आण्यांच्या. अशा जगात पावकी येत नसलेला मुलगा दुकानात उभा राहू शकत नव्हता.

मालिकेत अडीचकीला वेगळे स्थान का, याचे उत्तर एका हिशोबात मिळते. मणाला जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेराला. कारण ४० शेरांचे १६ भाग केले की प्रत्येकी अडीच शेर येतात आणि रुपयाचे १६ भाग म्हणजे आणे. गूळ १२ रुपये मण असेल आणि गिऱ्हाइकाने साडेसतरा शेर मागितला, तर ‘सात अडीचे साडेसतरा’ एवढे आठवायचे. सात बारे चौऱ्याऐंशी आणे, म्हणजे सव्वापाच रुपये. कागद नाही, त्रैराशिकाची मांडणी नाही. याला घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हा हिशोब एकदा तोंडी करून पाहावा. इथे पाठांतर हे विचाराचे हत्यार होते.

शाळेतील रीत : पंतोजीच्या शाळेत मोठी मुले पुढे म्हणत आणि लहान मुले मागून. ‘एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक’ अशी पावकीची चाल असे. दिडकीत ‘बे दिडे तीन, तीन दिडे साडेचार’. शब्दांत प्रांतोप्रांती थोडा फरक पडे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरी शुभंकरोतीपाठोपाठ पाढे, वार, महिने, नक्षत्रे म्हणण्याला परवचा म्हणत. परवचा आणि औटकी हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात नोंदलेले आहेत.

या शिक्षणाचा दर्जा काय होता? मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये नोंदवले, की इथले सामान्य लोक आपले हिशोब इंग्लंडमधील त्याच थरातील लोकांहून अधिक अचूक ठेवतात. ही साक्ष महत्त्वाची आहे, पण तिच्यावर विसंबताना एक गोष्ट विसरता येत नाही : या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिथे जागा नव्हती. ज्यांना औटकी आली नाही त्यांचा हिशोब सावकाराने केला, आणि त्याची किंमत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोबाची मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

छापील पुस्तकांचा काळ १८२० च्या दशकात सुरू झाला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आली आणि अपूर्णांक अंश-छेदाच्या रूपात शाळेत शिरला. अंकलिपी आणि उजळणीच्या स्वस्त पुस्तिकांत पावकी-निमकी त्यानंतरही दीर्घकाळ छापली जात होती.

लोप : १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पाठोपाठ किलोग्रॅम-मीटर आले. पावली म्हणजे २५ पैसे हे जमले, पण आणा म्हणजे सव्वासहा पैसे, हे नव्या नाण्यांत देता येईना. मणाच्या भावाची युक्ती एका फटक्यात निरुपयोगी ठरली आणि अडीचकी, औटकी प्रथम गेल्या. दिडकी व सवायकी काही शिक्षकांच्या आग्रहाने आणखी काही वर्षे टिकल्या.

सद्यःस्थिती : आजच्या वर्गात पाढ्याआधी समान गट, काड्यांचे गठ्ठे, मण्यांची माळ आणि रांगा-स्तंभांची मांडणी येते, पाढा मुलाने स्वतः तयार करावा अशी अपेक्षा असते. ही दिशा योग्य आहे. चार ओळींत तीन-तीन खडे मांडून तीच मांडणी आडवी फिरवली, की तीन चोक आणि चार त्रिक एकच, हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि निम्मे पाठांतर वाचते.

संख्यावाचनाचा वाद याच विषयाचा आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’, त्र्याण्णवसाठी ‘नव्वद तीन’ असे वाचन दिले गेले, तेव्हा राज्यभर आणि विधिमंडळातही टीका झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती, की मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो, त्यामुळे लहान मुले गोंधळतात. शिवाय जोडाक्षरी संख्यानामे त्यांना जड जातात. दक्षिणेतील भाषांत दशक आधीच बोलला जातो. टीकेत भाषेबद्दलची कळकळ खरी होती, पण ३५ ऐवजी ५३ लिहिणाऱ्या मुलाची अडचणही तितकीच खरी आहे. नवे वाचन पायरी म्हणून वापरून रूढ नावांकडे नेणे, हा मार्ग प्रस्तुत लेखकाला पटतो.

अपूर्णांकांच्या बाबतीत मात्र तशी पायरी उरलेली नाही. अंश-छेद शिकण्याआधी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा ही नावे कानावरून गेलेली असत. आता १/४ हे चिन्ह आधी येते आणि ‘पाव’ नंतर. घड्याळातले सव्वाचार, पावशेर भाजी, दीड कप चहा हे शब्द घरात अजून जिवंत आहेत. काही शिक्षक पावकीची पहिली आठ पदे भाकरीचे चार चतकोर करून म्हणून घेतात : पाच चतकोर म्हणजे सव्वा भाकरी, सहा म्हणजे दीड.