शिंगरू शांत पडते, तेव्हा ते विश्वास ठेवते का?

यंदाच्या लग्नसराईत मोबाइलवरून फिरणारी एक चित्रफीत नागपूरमधील एका घोडेवाल्याने मला पाठविली. तिच्यात नुकतेच जन्मलेले शिंगरू एका माणसाच्या मांडीवर मान टाकून पडलेले आहे, तो माणूस त्याला छातीशी घट्ट आवळून त्याच्या कानांत, तोंडात आणि खुरांवरून बोटे फिरवीत आहे, आणि शिंगरू जराही हलत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तासात घोड्याला असे हाताळले तर तो जन्मभर माणसाचा होतो, असा त्या चित्रफितीचा दावा होता. या गृहस्थांच्या पागेत वरातीच्या तीन घोड्या असून त्यांतली एक व्यायला आली होती, आणि त्यांनी मला विचारले होते, ‘सर, आपणही असंच करावं का?’ ‘करू नका’ हे उत्तर मी लगेच कळविले. परंतु त्यामागचे कारण दोन ओळींच्या निरोपात मावणारे नव्हते. ते शिंगरू शांत का पडले होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय घोड्याच्या पिलाला माणसाळवण्याचा विषयच हाती लागत नाही.

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे सरासरी ३४० दिवसांचा असतो. ती बहुधा रात्री, भोवताली सामसूम झाल्यावर विते. शिंगरू साधारणपणे तासाभरात पायांवर उभे राहते, दोन तासांच्या आत आईला पिऊ लागते आणि त्याच दिवशी तिच्या मागे धावू शकते. मांजराची पिल्ले जन्मतः डोळे मिटलेली असतात. शिंगराला मात्र पहिल्या दिवसापासून दिसते, ऐकू येते आणि वासही कळतो, कारण उघड्या माळावर ज्याची शिकार होते त्या प्राण्याच्या पिलाला आंधळेपणाने पडून राहणे परवडणारे नसते. इतक्या तयारीने जन्मलेल्या जीवाच्या मनावर पहिल्या तासातला अनुभव कायमचा कोरला जात असेल, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे.

या समजुतीला एका प्रसिद्ध संशोधनाचा आधार दिला जातो. ऑस्ट्रियातील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये असे मांडले की अंड्यातून बाहेर आलेली हंसाची पिल्ले ठरावीक काळात जी हलती आकृती प्रथम पाहतात तिलाच आई मानून तिच्यामागे चालू लागतात. लोरेन्झ यांना १९७३ मध्ये दोन सहकारी शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी हीच कल्पना शिंगरांना लावली. जन्मताच शिंगराला धरावे, त्याच्या अंगाचा प्रत्येक भाग ते प्रतिकार थांबवीपर्यंत पुनःपुन्हा चोळावा, म्हणजे माणूस त्याच्या मनावर ठसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही पद्धत जगभर लोकप्रिय झाली. परंतु हंस आणि घोडा यांच्यात एक मोठा फरक आहे. पहिल्या तासांत घोड्यांमध्ये ओळख पटविण्याचे काम मुख्यतः आई करते. ती पिलाला चाटते, त्याच्या अंगावरच्या गर्भजलाचा वास घेते आणि ‘हे माझे’ हे तिच्या मेंदूत पक्के होते. शिंगरू पहिल्या दिवशी तर कोणत्याही मोठ्या हलत्या वस्तूमागे जाऊ शकते. आईला नेमके ओळखायला त्याला आणखी काही दिवस लागतात. अमेरिकेत या शतकाच्या आरंभी झालेल्या नियंत्रित प्रयोगांत जन्मताच हाताळलेली आणि न हाताळलेली शिंगरे काही महिन्यांनी तपासली गेली, तेव्हा माणूस हाताळताना त्यांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मग ते शिंगरू इतके निश्चल का पडले होते? या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला इतके विलक्षण वाटते की त्यासाठी थोडे खोलात जाण्याची परवानगी वाचकांकडे मागतो.

पोटातले शिंगरू बहुतांश काळ झोपेसारख्या अवस्थेत असते. ही झोप आवश्यकच आहे. जन्मल्यावर तासाभरात उभे राहू शकणारा, लांब पायांचा आणि कठीण खुरांचा जीव गर्भाशयात धावू लागला तर आईचा जीव धोक्यात येईल. त्याला झोपवून ठेवण्याचे काम काही रसायने करतात. गर्भाच्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून प्रेग्नेनोलोन नावाचे द्रव्य निघते, वार त्याचे रूपांतर प्रोजेस्टेरोन या गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या कुळातील अनेक द्रव्यांत करते, आणि त्यांतली अॅलोप्रेग्नॅनोलोनसारखी द्रव्ये थेट मेंदूवर परिणाम करतात. अशा द्रव्यांना चेतासंप्रेरके म्हणता येईल. मेंदूतील चेतापेशींवर ‘गाबा-ए’ नावाचे ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेले एक दारच. गाबा हे द्रव्य त्याला चिकटले की दार उघडते, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि ती चेतापेशी संदेश पाठविण्यास नाखूश होते. अॅलोप्रेग्नॅनोलोन याच दाराला दुसऱ्या ठिकाणी चिकटते आणि गाबाने उघडलेले दार अधिक वेळ उघडे ठेवते. परिणामी सगळा मेंदू मंदावतो. हे द्रव्य किती प्रभावी आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो की प्रसूतीनंतर स्त्रियांना येणाऱ्या तीव्र नैराश्यावरील औषध म्हणून त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

आता जन्माचा क्षण पाहू. वार सुटते, या द्रव्यांचा पुरवठा तुटतो आणि एकदोन दिवसांत रक्तातील त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरते. परंतु शिंगराला तर मिनिटांत जागे व्हायचे असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेतील जॉन मॅडिगन यांनी मांडले की जागे होण्याचा हा संकेत जन्ममार्गातच मिळतो. शिंगरू बाहेर येताना सुमारे वीस मिनिटे त्याच्या छातीवर सर्व बाजूंनी दाब पडतो, आणि हा दाब पडून सुटणे हीच मेंदूला झोपेतून जागेपणाकडे नेणारी कळ आहे. काही शिंगरे जन्मल्यानंतरही गुंगीत राहतात. ती भटकत भिंतीला थडकतात, आचळ शोधत नाहीत, आईशीही त्यांना काही देणेघेणे नसते. अशा शिंगरांच्या रक्तात ती गर्भावस्थेतील द्रव्ये चढीच राहिलेली आढळली. मॅडिगन यांनी एका मऊ दोराचे वेढे शिंगराच्या छातीभोवती घेऊन, ते हळूहळू आवळून, जन्ममार्गातील दाबाची नक्कल केली. शिंगरू खाली बसते, आडवे होते आणि गाढ झोपते. त्याच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात, शरीराचे तापमान उतरते, वेदनेला ते फारसा प्रतिसाद देत नाही. वीस मिनिटांनी दोर सोडला की गुंगीतली अनेक शिंगरे उठून आईकडे जातात आणि पिऊ लागतात. बरगडी मोडलेली असल्यास हाच दाब घातक ठरू शकतो. म्हणून हा उपाय केवळ पशुवैद्यानेच करावयाचा आहे. नागपूरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही, सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

चित्रफितीतील माणसाने नेमके हेच, नकळत, केले होते. त्याने शिंगराला दोन्ही हातांनी छातीभोवती आवळले, आणि शिंगराच्या शरीराने पुन्हा गर्भातली झोप घेतली. त्या अवस्थेत त्याला कानांतले बोट आवडले नव्हते आणि नावडलेही नव्हते. ज्याला आपण विश्वास म्हणून पाहिले ती चेतासंस्थेची एक जुनी प्रतिक्षिप्त क्रिया होती. थोड्या मोठ्या शिंगराला असे धरून ठेवले तर तेही धडपडून शेवटी थांबते. परंतु त्या थांबण्याचा अर्थ आणखी वाईट असतो, कारण आपण काही केल्याने सुटका होत नाही एवढेच ते त्यातून शिकते. फ्रान्समधील रेन विद्यापीठात सेव्हरीन आँरी आणि मार्टीन ऑसबेर्जे यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जन्मानंतर पहिला तास हाताळलेली शिंगरे वाढताना आईला अधिक चिकटून राहिली, कमी खेळली आणि इतर घोड्यांत मिसळायला कचरली. घोडी ज्या तासात पिलाला चाटून ओळखते, तोच तास माणसाने तिच्याकडून काढून घेतला होता.

याच संदर्भात भोवऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारापासून साध्या पागेपर्यंत सर्वत्र आजही घोड्याच्या अंगावरील केसांचे भोवरे पाहून तो शुभ की अशुभ, मालकाला लाभणार की बुडवणार, हे ठरविले जाते आणि एखाद्या निरोगी शिंगराची किंमत त्यापायी उतरते. भोवरा म्हणजे गर्भात त्वचा वाढताना केसांची मुळे कोणत्या दिशेने रुजली याची केवळ खूण असते. तिच्यावरून मालकाचे भाग्य सांगता येत नाही, आणि जे शिंगरू खोडकर ठरणार म्हणून लहानपणापासूनच मार खाते ते पुढे खरोखरच लाथा झाडू लागते, तेव्हा दोष भोवऱ्याच्या माथी मारला जातो.

मग शिंगराचा विश्वास मिळवायचा कसा? त्याचा मार्ग आईवरून जातो. रेनच्याच गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अतिशय साधा आहे. शिंगरू जन्मल्यानंतर पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटे एका माणसाने घोडीला हळुवार खरारा केला, म्हणजे तिचे अंग ब्रशाने घासले. शिंगराला त्याने हातही लावला नाही. शिंगरू आईच्या आडून हे पाहत असे. पुढे ही शिंगरे माणसाजवळ अधिक सहजपणे आली, त्यांनी स्पर्शही लवकर स्वीकारला, आणि हा फरक ती वर्षाची झाली तेव्हाही टिकून होता. याउलट याच गटाच्या दुसऱ्या एका प्रयोगात पहिल्या दुधासाठी ज्यांना बळेच आचळाकडे नेले होते ती शिंगरे माणसाला टाळू लागली. येथे एक इशारा आवश्यक आहे. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये शिंगराला मिळत नाहीत, ती केवळ चिकातून मिळतात, आणि शिंगराचे आतडे ती पहिल्या चोवीस तासांतच, त्यातही आरंभीच्या काही तासांत उत्तम रीतीने शोषते. म्हणून दोन तास उलटूनही शिंगरू पीत नसेल तर पशुवैद्याला बोलवावेच. तेथे विश्वासाचा विचार नंतर येतो.

आईजवळ माणसाचे असणे शिंगराच्या अंगवळणी पडले की स्पर्शाची वेळ येते, आणि त्या स्पर्शाची जागाही ठरलेली आहे. घोडे एकमेकांसमोर उभे राहून आयाळ जेथे संपते त्या मानेच्या बुडाशी एकमेकांना दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसाने याच जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, अन्य जागी खाजवल्यावर मंदावले नाहीत. या जागी बोटांनी खाजवले की शिंगरू मान लांबवते आणि वरचा ओठ हलवू लागते. थोपटण्याचा तसा उपयोग होत नाही, कारण घोडे एकमेकांना थोपटत नाहीत. त्यानंतरचे शिक्षण हलका दाब आणि त्याची सुटका यांवर उभे असते. शिंगराच्या मागच्या पुठ्ठ्यावर बोटे टेकवावीत आणि त्याने अर्धे पाऊल पुढे टाकताच तत्क्षणी उचलावीत. त्याला जे शिकायचे ते दाबातून कळत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणातून कळते. दोन सेकंदांचा उशीर झाला तर मधल्या वेळात त्याने जे काही केले, तेच ते शिकते. मोरखी, म्हणजे तोंडाभोवती बांधायची दोरी, घालून ओढाताण मुळीच करू नये. ओढले की शिंगरू मागे रेटते, आणि त्याची कोवळी मान त्यात दुखावू शकते. असा पाठ दिवसातून पाच मिनिटे पुरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा तो पहाटेच उरकावा.

वरातीच्या घोड्यांसाठी बँडची सवय हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे नियमही हेच आहेत. आवाज दुरून, हळू, शिंगरू चरत असताना यावा आणि त्याने मान वर करून पुन्हा गवताला तोंड लावले की मगच तो थोडा वाढवावा. एकदम कर्ण्यासमोर उभे केलेले शिंगरू सवयीने निर्भय होत नाही, दर वेळी आधीपेक्षा लवकर बुजते.

घोडी पुढच्याच आठवड्यात रात्री अडीचच्या सुमारास व्याली. सगळे दुरून पाहत राहिले आणि शिंगरू पावणेदोन तासांत आपणहून पिऊ लागले. घोडेवाल्यांनी पाच दिवस केवळ घोडीला खरारा केला. मी दहाव्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा मोरखी, दोर, काहीच न बांधलेले ते शिंगरू आईच्या पोटाआडून बाहेर येऊन त्यांच्याजवळ उभे होते. त्यांनी मानेच्या बुडाशी थोडा वेळ खाजवले, मग मी सुचविल्याप्रमाणे हात काढून घेतला आणि स्वतः एक पाऊल मागे सरले. शिंगराने आईकडे पाहिले, नंतर त्यांच्याकडे पाहिले आणि पुढे येऊन मान पुन्हा त्यांच्या बोटांखाली आणली.