उपशामक सेवा : मृत्यू व कौटुंबिक शोक यांविषयीचे संशोधन

उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) : बरा न होणारा किंवा जिवावर बेतलेला आजार झालेल्या रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश यांसारखा शारीरिक त्रास आणि त्यासोबतचा मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक क्लेश कमी करणारी वैद्यकीय सेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येनुसार रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही या सेवेच्या कक्षेत येते आणि मृत्यूनंतरच्या शोकात कुटुंबाला आधार देणे हे तिचे अंग ठरते. कर्करोगाखेरीज हृदय, मूत्रपिंड व फुप्फुसांचे जुनाट विकार, एड्स, स्मृतिभ्रंश यांतही ती दिली जाते. दयामरणाशी तिची गल्लत अजूनही होते. प्रत्यक्षात मृत्यू लवकर आणणे हा तिचा हेतू नसतो.

उगम : या सेवेचा आरंभ कोठे धरावा, याबाबत एकमत नाही. युरोपातील मध्ययुगीन ‘हॉस्पिस’ या धर्मशाळांपासून आजच्या हॉस्पिसपर्यंत (मरणासन्नांच्या शुश्रूषेच्या संस्थेपर्यंत) सलग परंपरा दाखवणारी मांडणी लोकप्रिय लेखनात आढळते. तथापि त्या धर्मशाळांत यात्रेकरू, निराश्रित व रोगी असे सारेच येत. मरणासन्नांसाठी वेगळी व्यवस्था बहुधा नसे. त्यामुळे केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी काढलेल्या एकोणिसाव्या शतकातील संस्थांपासून हा इतिहास सुरू करणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रान्समधील लियाँ येथे झान गार्निए यांनी १८४२ च्या सुमारास काढलेली संस्था, डब्लिनमधील आयरिश भगिनीसंघाचे हॉस्पिस (१८७९) आणि लंडनमधील सेंट ल्यूक (१८९३) व सेंट जोसेफ (१९०५) ही त्यांतील प्रमुख होत. धार्मिक शुश्रूषा हे त्यांचे बळ होते. पद्धतशीर संशोधन तेथे जवळजवळ नव्हते. काशीला मरणासाठी जाण्याची प्रथा आणि जैनांची सल्लेखना (अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचे व्रत) यांचाही पूर्वसूरी म्हणून उल्लेख केला जातो. मात्र दोहोंचा भर वेदनेच्या उपचारावर नसून मरणाच्या धार्मिक सिद्धतेवर आहे, म्हणून हे नाते दूरचेच मानावे लागते.

आधुनिक शाखेचा पाया सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५) यांनी घातला, हे मात्र निर्विवाद आहे. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका व शेवटी डॉक्टर असा त्यांचा प्रवास झाला. १९६७ मध्ये लंडन येथे त्यांनी स्थापन केलेल्या सेंट क्रिस्टोफर हॉस्पिसमध्ये शुश्रूषा, अध्यापन व संशोधन प्रथमच एका छताखाली आले. शरीर, मन, नातीगोती व श्रद्धा यांच्या एकत्रित दुखण्यासाठी त्यांनी मांडलेली ‘संपूर्ण वेदना’ ही संकल्पना आजही आधारभूत आहे. दुखण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी मॉर्फिन (अफूपासून मिळणारे वेदनाशामक) देण्याच्या पद्धतीचे श्रेय त्यांना दिले जाते. परंतु सेंट ल्यूकमध्ये ही पद्धत आधीच रूढ होती आणि तेथे स्वयंसेविका असताना सॉन्डर्स यांनी ती पाहिली. ती नोंदींच्या आधारे सिद्ध करून शिकवण्याजोगी केली, हे त्यांचे खरे कार्य होय. पुढे कॅनडातील शल्यविशारद बाल्फोर माउंट यांनी माँट्रिऑलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात स्वतंत्र कक्ष उघडला (१९७५). ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव त्यांनीच रूढ केले.

मॉर्फिनविषयक संशोधन : पोटातून दिलेले मॉर्फिन फारसे लागू पडत नाही, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्का होता. त्याचे मूळ एकाच मात्रेवर केलेल्या प्रयोगांत होते. पोटातून घेतलेल्या मॉर्फिनचा बराचसा भाग रक्तात पोहोचण्याआधीच यकृतात बदलतो. त्यामुळे एका मात्रेच्या तुलनेत ते टोचून दिलेल्या मॉर्फिनच्या सहाव्या हिश्शाइतकेच प्रभावी दिसे. पुढे असे आढळले, की यकृतात तयार होणारा मॉर्फिन-६-ग्लुक्युरोनाइड हा पदार्थ स्वतःच वेदनाशामक आहे व तो साठत जातो. परिणामी दर चार तासांनी औषध चालू ठेवल्यास हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास येते. ब्रिटिश रुग्णालयांत मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन व मद्य यांचे ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ दीर्घकाळ वापरात होते. सेंट क्रिस्टोफरमधील रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी तोंडावाटे दिलेल्या हेरॉइन व मॉर्फिनची तुलना केली (१९७७), तेव्हा व्यवहारात महत्त्वाचा फरक आढळला नाही. मेल्झॅक, माउंट व गॉर्डन यांनी १९७९ मध्ये हे मिश्रण साध्या मॉर्फिनच्या द्रावणाहून सरस नसल्याचे दाखवले. त्यानंतर मिश्रण मागे पडून साधे द्रावण व गोळ्या उरल्या. या शाखेतील सर्वांत भक्कम पुरावा बहुधा याच क्षेत्रातील आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची वेदनाशामक शिडी प्रसिद्ध केली : प्रथम पॅरासिटामॉलसारखी औषधे, मग कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे, शेवटी मॉर्फिन. मधल्या पायरीबाबत वाद आहे. इटलीतील २४० कर्करुग्णांवरील चाचणीत (२०१६) कमी मात्रेतील मॉर्फिन सौम्य औषधांपेक्षा स्पष्टपणे उजवे ठरले. संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांतही शिडीचे स्थान गौण झाले आहे. मॉर्फिनबरोबर सारक औषध न दिल्यास बद्धकोष्ठ हमखास होतो. व्यसनाची भीती मोठी असली, तरी रुग्ण औषध सोडतात ते पुष्कळदा या साध्या कारणाने.

सेवेच्या परिणामांचा अभ्यास : अमेरिकेतील पाच रुग्णालयांतील ९,१०५ गंभीर रुग्णांच्या ‘सपोर्ट’ अभ्यासात (१९९५) रुग्णालयात शुद्धीवर असताना मरण पावलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना अखेरच्या दिवसांत निदान अर्धा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असे नातलगांनी सांगितले. प्रशिक्षित परिचारिकांमार्फत डॉक्टरांना अधिक माहिती पुरवूनही स्थिती सुधारली नाही. याउलट बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील चाचणीत (२०१०) निदानानंतर लगेच उपशामक सेवा मिळालेल्यांचे जीवनमान सुधारले, नैराश्य कमी आढळले आणि आयुर्मानाचा मध्यक ८.९ महिन्यांवरून ११.६ महिन्यांवर गेला. आयुष्य वाढल्याचा निष्कर्ष सावधपणे घ्यावा. नंतरच्या सर्व चाचण्यांत तो आढळलेला नाही. जीवनमानाविषयीचा निष्कर्ष अधिक टिकाऊ आहे.

भारतातील स्थिती : अहमदाबादच्या कर्करोग संस्थेतील वेदना-चिकित्सालय काही जण आद्य मानतात, पण निवासी हॉस्पिस म्हणून मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुइस जोझे डिसोझा यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले शांती आवेदना सदन हेच पहिले. त्याची शाखा गोव्यात लोटली येथेही आहे. कालिकतमध्ये १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून पुढे वस्तीपातळीवरील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये केरळने स्वतंत्र धोरण जाहीर केले. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. टाटा स्मारक रुग्णालयात या विषयातील एम.डी. अभ्यासक्रम २०१२ मध्ये सुरू झाला.

मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, पण देशातील रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने अनेक परवाने व कडक शिक्षा लागू केल्या. औषधविक्रेते व रुग्णालये साठाच ठेवीनाशी झाली आणि पुढील बारा-तेरा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधांसाठी देशभर एकच सुटसुटीत नियमावली आणली. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये, अशी आगाऊ इच्छा नोंदवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली व २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली.

मरण कळणे आणि बोलणे : ग्लेसर व स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये रुग्णालयांतील निरीक्षणांवरून चार अवस्था मांडल्या : रुग्णाला काहीच माहीत नसणे, संशय येणे, दोन्ही बाजूंना ठाऊक असून न कळल्याचे सोंग घेणे, आणि उघड बोलणे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचे नकारापासून स्वीकारापर्यंतचे पाच टप्पे (१९६९) यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहेत. परंतु ते मुलाखतींवर आधारलेले होते आणि ते ठरावीक क्रमाने येतात यास पुढील संशोधनाने दुजोरा दिला नाही. भारतीय घरांतील ‘त्यांना काही सांगू नका’ ही विनंती समजून घेण्यास ग्लेसर-स्ट्राउस यांची तिसरी अवस्था अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतील ३३२ रुग्ण व त्यांची काळजी घेणारे यांच्या अभ्यासात (२००८) डॉक्टरांशी अखेरच्या काळाविषयी बोलणे झालेल्या रुग्णांच्या वाट्याला अतिदक्षता उपचार कमी आले. आणि असे जोरकस उपचार जेथे झाले, तेथे मागे राहिलेल्यांना नैराश्याचा धोका अधिक दिसला. हा सहसंबंध आहे. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही.

कुटुंबाचा शोक : फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोक व विषण्णता यांत भेद केला. बॉस्टनमधील एका नाइटक्लबला १९४२ मध्ये लागलेल्या आगीत आप्त गमावलेल्यांसह अनेक शोकग्रस्तांना तपासून एरिक लिंडेमान यांनी शोकाची लक्षणे नोंदवली (१९४४). कॉलिन मरी पार्क्स व सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षे व त्यावरील ४,४८६ विधुरांची पाहणी केली (१९६९). पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचे मृत्युप्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक निघाले. मृताशी मनाने फारकत घेणे हेच शोकाचे ध्येय, ही फ्रॉइडप्रणीत धारणा १९९६ मध्ये मांडलेल्या ‘टिकून राहणाऱ्या बंधां’च्या सिद्धांताने मागे सारली. या सिद्धांताला पूर्वाधार होता घरातील देव्हाऱ्यापुढे मृत पतीशी बोलणाऱ्या जपानी विधवांच्या अभ्यासाचा. मार्गारेट स्ट्रोबे व हेंक शुट यांच्या प्रतिमानानुसार (१९९९) माणूस दुःखाला सामोरे जाणे आणि नव्या जबाबदाऱ्या पेलणे यांत आलटून-पालटून वावरतो.

मदतीच्या उपायांचा पुरावा मात्र विसंगत आहे. फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांत कुटुंबाशी सविस्तर बैठक घेऊन माहितीपत्रक दिल्यावर तीन महिन्यांनी आघातोत्तर ताण व नैराश्याची लक्षणे कमी आढळली (२००७). त्याच देशात डॉक्टर व परिचारिकांनी मृत्यूनंतर पाठवलेल्या सांत्वनपत्राची चाचणी झाली (२०१७), तेव्हा शोक हलका झाला नाहीच, उलट सहा महिन्यांनी पत्र मिळालेल्यांत नैराश्याची लक्षणे अधिक होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (२०२२ पासून लागू) ‘दीर्घकालिक शोकविकार’ समाविष्ट झाला. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने प्रौढांसाठी बारा महिने ठरवले आहेत. दोन्हींत शोक त्या समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडचा असावा, अशी अट आहे. सुतक व दहावे-बारावे संपले, तरी वर्षश्राद्धापर्यंत सण न करण्याचा रिवाज असलेल्या मराठी घरांत सहा महिन्यांच्या निकषापेक्षा बारा महिन्यांचा निकष रूढीच्या जवळ जातो.