टेरिटोरियल आर्मीचा अर्ज भरण्याआधी: पगार, प्रशिक्षण, काडतुसं आणि कागदपत्रं

टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, ही नोकरी नाही. उलट अधिकारीपदाचा अर्ज भरायलाच आधी नोकरी किंवा धंदा असावा लागतो. आपल्या नागपूरजवळच्या बुटीबोरीतला इंजिनिअर, इतवारीतला व्यापारी, कोर्टात वकिली करणारा माणूस, अशांसाठी ही व्यवस्था आहे. वर्षातले काही आठवडे वर्दी आणि उरलेलं वर्ष आपलं नेहमीचं काम. बेरोजगार मुलाला "तिकडे भरती निघाली, टाक अर्ज" म्हणून कोणी पाठवत असेल, तर त्याला आधी हे समजावून सांगा.

सीताबर्डीचा किल्ला आपण १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला बघून येतो. तिथेच ग्रेनेडियर्स रेजिमेंटशी संलग्न ११८ इन्फन्ट्री बटालियन (टेरिटोरियल आर्मी) आहे, हे मात्र गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. या सेनेचा कायदा १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. होमगार्डशी तिचा संबंध नाही, अग्निवीर योजनेशीही नाही.

पात्रता

अधिकारी व्हायचं असेल तर भारतीय नागरिकत्व, १८ ते ४२ वय, कोणत्याही शाखेची पदवी आणि उत्पन्नाचं साधन लागतं. महिलांनाही अर्ज करता येतो. नियमित सैन्यात, पोलिसांत किंवा निमलष्करी दलात असलेल्यांना येता येत नाही. अर्ज टेरिटोरियल आर्मीच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. पुढे लेखी परीक्षा (तर्कशक्ती, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान, इंग्रजी), प्राथमिक मुलाखत मंडळ, मग एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची निवड चाचणी, आणि वैद्यकीय तपासणी. मुलाखतीसाठी पुण्याला जावं लागेल असं धरून चाला, दक्षिण कमांडचं टीए (टेरिटोरियल आर्मी) ग्रुप मुख्यालय तिथे आहे.

जवानांची भरती मेळाव्यातून होते. वय तेच, १८ ते ४२. जनरल ड्युटीसाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. उंची किमान १६० सेंटीमीटर, वजन ५० किलो, छाती ७७ आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटर जास्त. मैदानावर एक मैल धावणं, पुल-अप्स, ९ फुटांच्या खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे वाकड्यातिकड्या अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं.

पगार फक्त बोलावलेल्या दिवसांचा

गोंधळ होतो तो इथेच. लेफ्टनंटला वेतनाची लेव्हल १०, म्हणजे ५६,१०० रुपयांपासून मूळ वेतन आणि वर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन. जवानाला लेव्हल ३, म्हणजे २१,७०० आणि ५,२००. आकडे नियमित सैन्याचेच आहेत, महागाई भत्ताही तसाच. पण मीटर चालू राहतं ते प्रशिक्षणाला किंवा सेवेला बोलावलं असेल तेवढेच दिवस. दहा महिने घरी असाल तर दहा महिने सैन्याकडून काही येणार नाही. पेन्शनचीही हमी नाही, ती प्रत्यक्ष बोलावून घेतलेल्या सेवेवरच मोजतात. गृहकर्जाचा हप्ता या पगारावर बेतू नका.

अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी महिनाभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि कमिशन मिळाल्यानंतर पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. म्हणजे सुरुवातीची दोन वर्षं ऑफिसकडून बरीच रजा लागणार. साहेबांशी अर्जाआधीच बोलून घ्या.

कायदा तुमच्या बाजूने आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलं गेलं तर परत आल्यावर मालकाने कामावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर घ्यायला हवं, असं टेरिटोरियल आर्मी कायद्याचं कलम ७-अ सांगतं. घेतलं नाही तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम द्यायला न्यायालय लावू शकतं. खासगी कंपनीच्या एचआरला हे कलम माहीत असेलच असं नाही, तेव्हा प्रत जवळ ठेवा.

आणि बोलावणं येतं, हे नक्की समजा. ६ मे २०२५ च्या अधिसूचनेने केंद्राने टेरिटोरियल आर्मी नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना संपूर्ण टेरिटोरियल आर्मीला बोलावण्याचे अधिकार दिले, ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन तैनात करण्यासाठी.

बंदूक घरी मिळत नाही

हा प्रश्न हमखास येतो. रायफल युनिटच्या कोतमध्येच, म्हणजे शस्त्रागारातच राहते. फायरिंगच्या दिवशी राउंड, म्हणजे काडतुसं, मोजून हातात पडतात, आणि फायर झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या वेचून तितक्याच मोजून परत द्याव्या लागतात. एक पुंगळी कमी भरली की सगळे गवतात वाकून शोधतात, हिशेब जुळल्याशिवाय रेंजवरून कोणी हलत नाही. शेवटी खिसे तपासून, आपल्याकडे राउंड किंवा पुंगळी नाही असं प्रत्येकाला सांगावं लागतं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ नुसार टीएच्या अधिकाऱ्या-जवानांना परवान्यातून सूट आहे, पण कर्तव्य बजावत असतानापुरतीच. घरी एक जरी जिवंत काडतूस सापडलं तर ही सूट कामी येणार नाही.

कागदपत्रं

दहावीची गुणपत्रिका आणि सनद, अधिकाऱ्यांसाठी पदवी, आधार, पॅन, अधिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, ताजं चारित्र्य प्रमाणपत्र, फोटो. नोकरदाराने कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि ना-हरकत, धंदेवाल्याने उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. अधिवास आणि जातीच्या दाखल्याला वेळ लागतो, सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर आधीच अर्ज टाकून ठेवा.

खरी डोकेदुखी नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. अर्जात दहावीप्रमाणेच नाव लिहा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. जन्मतारखेत फरक असेल तर ते काम पहिलं.

मेळाव्याला मूळ प्रतींसोबत साक्षांकित झेरॉक्सचे दोन-तीन संच न्या. जाण्याआधी दात दाखवून घ्या आणि कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, एवढ्यासाठीसुद्धा वैद्यकीय तपासणीत माणूस अडकतो.