गिरिभ्रमणातील प्रथमोपचार

डोंगरात, गडकिल्ल्यांवर वा जंगलात जखमी किंवा आजारी झालेल्या व्यक्तीला डॉक्टरांच्या हाती सोपवेपर्यंत सोबत्यांनी करावयाचे उपचार व त्यांचे प्रशिक्षण. शहरी प्रथमोपचारात रुग्णवाहिका लवकर येईल असे गृहीत असते. डोंगरात मदत पोचायला कित्येक तास लागतात. त्यामुळे नाडी, श्वास व शुद्ध ठरावीक वेळाने तपासून नोंदवणे, अंगातली ऊब टिकवणे, काठी व कॅरीमॅटपासून (झोपण्याच्या फोमच्या चटईपासून) खपची (अवयव हलू न देणारा आधार) बांधणे आणि रुग्णाला हलवावे की जागीच ठेवावे हे ठरवणे यांवर येथे भर असतो.

संघटित प्रथमोपचार-शिक्षणाचा आरंभ सामान्यतः १८७७ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशनपासून धरतात. काही अभ्यासक मात्र जर्मन शल्यचिकित्सक एस्मार्क यांच्या लष्करी कार्याला अधिक महत्त्व देतात. दुर्गम भागातील प्रथमोपचाराची स्वतंत्र शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेत, आकाराला आली असावी. तिचे प्राथमिक वर्ग साधारण १६ ते २० तासांचे, तर प्रगत वर्ग ७० ते ८० तासांचे असतात. शिकलेले कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच ओसरते.

सह्याद्रीच्या संदर्भात सर्वाधिक मतभेद सर्पदंशाविषयी आहेत. ऑस्ट्रेलियात सदरलँड व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाबपट्टीची पद्धत मांडली : दंश झालेला हात किंवा पाय क्रेप बँडेजने पूर्ण गुंडाळून खपचीने स्थिर करायचा, म्हणजे लसिकावाहिन्यांतून (शरीरातील पाणीसर द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) विष पसरण्याचा वेग मंदावतो. तेथील सापांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करते. आपल्याकडच्या घोणस व फुरसे या सापांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि दंशाजवळचे स्नायू व त्वचा मरते. अशा दंशावर दाब दिल्यास विष एकाच जागी साठून ही हानी वाढण्याचा धोका असतो. काही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका नाग व मण्यार यांच्यापुरती ही पद्धत मान्य करतात. परंतु अंधारात साप ओळखला जाईलच याची खात्री नसते, आणि अननुभवी हातांनी दाब फार सैल वा फार घट्ट होतो. म्हणून भारतात दाबाविना स्थिरीकरणच श्रेयस्कर मानावे लागते.

सर्पदंश झालेल्या रुग्णाला धीर देऊन आडवे करावे व चालू देऊ नये. सूज चढण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट काढावेत. मोडलेल्या हाडाप्रमाणे खपची लावून ती रुंद कापडाने सैलसर बांधावी; बोटांचा रंग व संवेदना तपासत राहाव्यात. दंशाची वेळ लिहावी, सुजेची कड पेनाने आखावी. चिरा देणे, विष चोखणे, बर्फ लावणे वर्ज्य. आवळपट्टीने (दंशाच्या वर करकचून बांधलेल्या पट्टीने) रक्तप्रवाह थांबून अवयव गमावण्याची वेळ येते. ती आधीच कोणी बांधली असेल, तर वाटेत एकदम सोडू नये. तसे केल्यास साठलेले विष अचानक शरीरभर पसरते. ती रुग्णालयात डॉक्टरांसमोर सोडावी. प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचे उतारा-औषध) नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांवरच बेतलेले असते. सह्याद्रीतील चापडा या विषारी सापाच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. मण्याराचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना होतो व त्याची खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटदुखी, जड पापण्या, गिळताना त्रास दिसल्यास दंश गृहीत धरून रुग्णालयाकडे निघावे.

तांबड्या विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे ही हृदयावरील परिणामाची लक्षणे होत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे त्यावर प्राझोसिन हे औषध रूढ झाले. आग्या माश्या उठल्यास चेहरा झाकून दूर पळावे; काटे कसे काढले यापेक्षा किती लवकर काढले हे महत्त्वाचे. मुरगळ व अतिसार यांचे उपचार शहरातल्याप्रमाणेच. जलसंजीवनीसाठी १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.